डेलिरियम आधी कोणाला दिसतो? खाटेशेजारच्या नजरेचा हिशेब

१०० पैकी ३१. रुग्णालयात दाखल असलेल्या ज्येष्ठांना डेलिरियम झाला, तर वॉर्डातल्या परिचारिकांच्या तो कितीदा लक्षात येतो, याचे हे उत्तर आहे. २००१ साली अमेरिकेत डॉ. शॅरन इनूये आणि सहकाऱ्यांनी ७९७ रुग्णांच्या २,७२१ नोंदी ताडून पाहिल्या. प्रत्येक रुग्णाला एकीकडे प्रशिक्षित संशोधकाने तपासले आणि दुसरीकडे परिचारिकेला तिचे मत विचारले. संशोधकांना १३१ रुग्णांत, म्हणजे १६ टक्क्यांत, डेलिरियम आढळला. परिचारिकांनी त्यांतले ३१ टक्के ओळखले. सुमारे ९० रुग्ण निसटले. रुग्णांऐवजी एकेक नोंद मोजली तर प्रमाण आणखी उतरते. डेलिरियमच्या २३९ नोंदींपैकी परिचारिकांशी जुळल्या १९ टक्के, म्हणजे साधारण ४५.

डेलिरियम म्हणजे काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत ढासळलेले भान. लक्ष टिकत नाही, बोलण्यात संगती राहत नाही, जागेची आणि वेळेची गल्लत होते. डिमेन्शिया महिन्या-वर्षांच्या गतीने येतो, डेलिरियम एका रात्रीत. कारण बहुधा मेंदूच्या बाहेर असते: लघवीच्या मार्गाचा किंवा छातीचा संसर्ग, उतरलेले सोडियम, शरीरात कमी झालेले पाणी, बद्धकोष्ठता, तुंबलेली लघवी, न सांगितलेले दुखणे, झोपेची किंवा ॲलर्जीची गोळी, रोजची दारू अचानक बंद होणे. यांतल्या बहुतेक कारणांवर उपाय आहे, पण कारण शोधायला आधी बदल कोणाच्या तरी लक्षात यावा लागतो. तिथेच अडते, कारण या अवस्थेत चढउतार असतात. सकाळच्या राऊंडला डॉक्टरांशी नीट बोललेले आजोबा रात्री अकराला सलाईनची नळी उपटतात आणि पहाटे पुन्हा शांत झोपलेले असतात.

निसटण्याची किंमत मृत्यूच्या आकड्यांत दिसते. २०१० मध्ये वेगवेगळ्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यातल्या ७ अभ्यासांतील २,९५७ रुग्णांत, सरासरी पावणेदोन-दोन वर्षांच्या पाठपुराव्यात, डेलिरियम झालेल्यांपैकी ३८ टक्के दगावले. न झालेल्यांपैकी २७.५ टक्के. वय आणि मूळ आजार हिशेबात धरूनही हा फरक उरला. घरी परत न जाता संस्थेत राहावे लागलेल्यांचे प्रमाण ३३.४ विरुद्ध १०.७ टक्के होते. पुढे डिमेन्शिया जडण्याचे प्रमाण ६२.५ विरुद्ध ८.१ टक्के आले, मात्र ते अवघ्या २४१ रुग्णांवरचे आहे; दिशा खरी धरावी, उंची नव्हे. अतिदक्षता विभागातला फरक याहून तीव्र. २००४ मधल्या अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्या २२४ पैकी १८३ जणांना (८१.७ टक्के) डेलिरियम झाला. सहा महिन्यांतले मृत्यू त्यांच्यात ३४ टक्के होते, बाकीच्यांत १५ टक्के.

साध्या वॉर्डातले प्रमाण अर्थातच कमी आहे. ३३ अभ्यासांच्या २०२० मधील एकत्रीकरणाने ते २३ टक्के काढले, म्हणजे मेडिकल वॉर्डात जवळपास दर चौथा रुग्ण. चंडीगडच्या पीजीआय संस्थेच्या श्वसनविकार अतिदक्षता विभागातला १४० रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे प्रमाण ५३.६ टक्के निघाले. दाखल होताना ठीक असलेल्यांतून नव्याने डेलिरियम झालेले २४.४ टक्के होते. पाश्चात्त्य आकडे आपल्याला लागू होतात का, ही शंका निदान अतिदक्षता विभागापुरती इथे मिटते.

आता हे मुंबईतल्या चेंबूरवर बसवून पाहू. चेंबूरचा मोठा भाग महापालिकेच्या एम पश्चिम प्रभागात येतो. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ४,११,८९३ होती. शेजारच्या एम पूर्वची, म्हणजे गोवंडी-मानखुर्द-देवनार पट्ट्याची, ८,०७,७२०. महाराष्ट्रात साठीपुढच्यांचे प्रमाण २००१ मध्ये ८.७ टक्के होते, २०११ मध्ये ९.९ टक्के झाले. राज्याची ही सरासरी लावली तर एकट्या एम पश्चिममध्ये त्या वर्षी सुमारे ४१ हजार ज्येष्ठ निघतात. झोपडपट्टीबहुल एम पूर्वला हीच सरासरी लावणे धाडसाचे ठरेल. उलट टिळकनगर, सहकारनगर या भागांत निवृत्तांची एक अख्खी पिढी राहते. तिथे सरासरी कमी पडेल. देशाचा अंदाज २०२१ साठी १०.१ आणि २०३१ साठी १३.१ टक्क्यांचा आहे. याचा अर्थ गोवंडीच्या शताब्दीत, चेंबूरच्या माँ किंवा दिवालीबेन मेहता रुग्णालयात, घाटकोपरच्या राजावाडीत किंवा नाक्यावरच्या एखाद्या खासगी नर्सिंग होममध्ये खाटेवर ज्येष्ठ माणूस असण्याची शक्यता दर जनगणनेला वाढत जाणार. त्यात डिमेन्शियाची भर आहे. देशात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, तो असल्याचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे आणि डेलिरियमचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत डिमेन्शिया अग्रभागी आहे.

३१ टक्क्यांचा दोष परिचारिकांच्या माथी मारणे सोपे आहे, पण त्याच अभ्यासातली फोड वेगळे सांगते. निसटण्याशी चार गोष्टी निगडित निघाल्या: वय ८० किंवा अधिक, अधू दृष्टी, आधीचा डिमेन्शिया आणि डेलिरियमचा शांत प्रकार. यांतले काहीच नसेल तर परिचारिकेच्या नजरेतून निसटण्याचे प्रमाण २ टक्के. एक असेल तर ६, दोन असतील तर १५ आणि तीन किंवा चार असतील तर ४४ टक्के. खाटेवरून उतरणारा, ओरडणारा रुग्ण सगळ्या वॉर्डाला कळतो. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली, हाक मारल्यावर उशिरा ‘हूं’ करणारी ८२ वर्षांची बाई ‘त्रास न देणारी पेशंट’ म्हणून गणली जाते. ती नेहमीच अशी असते की कालपासून अशी झाली, हे ठरवायला कालच्या आधीची ती माहीत असावी लागते.

परिचारिकेकडे ती माहिती नाही, आणि मिळवायला वेळही नाही. केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचा निकष सर्वसाधारण वॉर्डात ६ खाटांमागे १ परिचारिका असा आहे. निकष काटेकोर पाळला गेला, एकही मिनिट नोंदवह्यांत गेले नाही असे मानले, तरी आठ तासांच्या पाळीतल्या ४८० मिनिटांपैकी एका रुग्णाच्या वाट्याला ८० येतात. बारा तास बसणाऱ्या नातेवाइकाच्या वाट्याला ७२०, म्हणजे नऊपट. शिवाय नातेवाइकाने त्याच माणसाला आधीची तीस-चाळीस वर्षे पाहिलेले असते.

ही नजर मोजता येते का? दोन साधनांचे आकडे पाहण्यासारखे आहेत. पहिले ‘स्क्विड’. त्यात एकच प्रश्न असतो, तोही रुग्णाच्या जवळच्या माणसाला विचारायचा: अलीकडे हे नेहमीपेक्षा जास्त गोंधळलेले वाटतात का? ऑस्ट्रेलियात कर्करोगाच्या रुग्णांवर तो २०१० मध्ये तपासला गेला. मानसोपचारतज्ज्ञाच्या निदानाशी ताडता, डेलिरियम असलेल्यांपैकी ८० टक्के या प्रश्नाने पकडले आणि नसलेल्यांपैकी ७१ टक्क्यांना बरोबर वगळले. दुसरे ‘फॅम-कॅम’. इनूये यांनी १९९० मध्ये डॉक्टर-परिचारिकांसाठी जी ‘कॅम’ पद्धत बसवली, तिचेच हे नातेवाइकांसाठीचे रूप. २०१२ मध्ये आधीच स्मृतिदोष असलेले ५२ ज्येष्ठ आणि त्यांचे ५२ काळजीवाहू यांच्यावर ते तपासले गेले. पकड ८८ टक्के, अचूक वगळणूक ९८ टक्के.

आकडे घसघशीत आहेत, पाया नाही. फॅम-कॅमच्या ८८ टक्क्यांची विश्वासमर्यादा ४७ ते ९९ आहे. इतका रुंद पट्टा आठेक रुग्णांवरच निघतो, म्हणजे ८८ टक्के याचा अर्थ ८ पैकी ७. स्क्विडच्या ८० टक्क्यांची मर्यादा २८ ते ९९. तिथला हिशेब ५ पैकी ४ असा आहे. एका रुग्णाने इकडून तिकडे उडी मारली असती, तर ८० चे ६० किंवा १०० झाले असते. या टक्केवाऱ्या पोस्टरवर छापण्याजोग्या नाहीत. ‘विचारून पाहायला हरकत नाही’ एवढे मात्र त्यांतून निघते, आणि विचारण्याचा खर्च शून्य असताना तेवढे पुरते.

तरीही हिशेब मांडून पाहू; तो माझा आहे, कुठल्या अभ्यासाचा नाही. वॉर्डात १०० ज्येष्ठ आहेत आणि २३ जणांना डेलिरियम आहे असे धरा. परिचारिकांच्या ३१ टक्के दराने ७ सापडतात, १६ राहतात. स्क्विडचा प्रश्न विचारला तर १८ सापडतात, पण उरलेल्या ७७ पैकी २२ जणांबाबत खोटी घंटा वाजते. ४० वेळा घंटा वाजली की १८ वेळा खरी. फॅम-कॅमने २० सापडतात आणि खोट्या घंटा २. एका प्रश्नाच्या जागी काही मिनिटांची प्रश्नावली भरून घेतली, तर डॉक्टरांच्या २० फुकट फेऱ्या वाचतात. शहाणपणाचा क्रम यातूनच दिसतो. प्रश्न प्रत्येक पाळीत सगळ्यांना, आणि उत्तर ‘हो’ आले तरच प्रश्नावली.

डॉक्टरांच्या स्वतःच्या साधनातही नातेवाईक आधीपासून दडलेला आहे. एडिंबराहून आलेली ‘फोर-एटी’ चाचणी आज अनेक देशांत वापरली जाते. १७ अभ्यास आणि ३,७०२ निरीक्षणे एकत्र करून २०२१ मध्ये तिची पकड ८८ आणि वगळणूक ८८ टक्के ठरली. तिचे एकूण गुण १२. ४ किंवा अधिक आले तर डेलिरियमची शक्यता धरतात. चार भागांपैकी शेवटचा भाग म्हणजे मानसिक स्थितीत अलीकडे अचानक झालेला बदल किंवा चढउतार. तो असेल तर ४ गुण, नसेल तर शून्य. म्हणजे या एका भागावरच निकालाची रेषा ओलांडली जाते, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा रुग्णाकडे नसते, घरच्यांकडे असते. नातेवाइकाला न विचारता ही चाचणी केली, तर १२ पैकी ४ गुण अंदाजाने भरावे लागतात.

उरलेल्या भागांतले दोन आपल्याकडे अडतात. एकात रुग्णाला वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष विचारायचे असते. महाराष्ट्रात एका पिढीच्या कागदोपत्री १ जून ही जन्मतारीख आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली. आजीने ‘कागदावरची सांगू की खरी?’ असे विचारले, तर ते भान शाबूत असल्याचे लक्षण आहे. गुणपत्रिकेत मात्र त्याला रकाना नाही. दुसऱ्यात महिने उलटे म्हणायला सांगतात; त्यात कोणी फाल्गुनापासून सुरुवात केली, तर तपासणाऱ्याला चैत्रापर्यंतचा क्रम येत असला पाहिजे. अशा ठिकाणी शेजारी बसलेली सून किंवा मुलगा हाच चाचणीचा दुरुस्तीकार.

इथवरचा निष्कर्ष सरळ वाटतो: नातेवाइकांना जास्त वेळ आत सोडा, डेलिरियम कमी होईल. आकडे तसे म्हणत नाहीत. ब्राझीलमध्ये ३६ अतिदक्षता विभागांत आणि १,६८५ रुग्णांवर हाच प्रयोग झाला. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. भेटीची वेळ दिवसाला १२ तासांपर्यंत वाढवली. प्रत्यक्षात नातेवाईक सरासरी ४.८ तास थांबले. जुन्या नियमाच्या काळात १.४ तास. वेळ तिपटीहून अधिक झाला, डेलिरियम २०.१ वरून १८.९ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. नातेवाइकांची चिंता कमी झाली, समाधान वाढले. रुग्णाचे भान होते तिथेच राहिले.

याच्या शेजारी चीनच्या चेंग्डू शहरातला २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग ठेवा. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेले सत्तरीपुढचे २८१ रुग्ण. एका गटाच्या नातेवाइकांना परिचारिकांनी रोजची कामे नेमून दिली: वार, वेळ आणि जागा सांगत राहणे, गप्पा आणि मनाला चाळा, लवकर उठवून चालवणे, शिवाय प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे खाणे-पिणे, झोप, चष्मा, श्रवणयंत्र. या गटात डेलिरियम १५२ पैकी ४ जणांना झाला, २.६ टक्के. नेहमीची सेवा मिळालेल्या गटात १२९ पैकी २५ जणांना, १९.४ टक्के. फरक १६.८ अंकांचा, म्हणजे दर सहा रुग्णांमागे एक डेलिरियम टळला. रुग्णालयातला मुक्कामही सरासरी सुमारे ४ दिवसांनी कमी झाला.

ब्राझीलमध्ये नातेवाइकांना वेळ मिळाला, चेंग्डूत काम मिळाले. रुग्ण वेगळे होते, विभाग वेगळे होते, त्यामुळे दोन टक्केवाऱ्यांची थेट वजाबाकी करू नये. दिशा मात्र पुरेशी बोलकी आहे. चेंग्डूचा आराखडा मुळात अमेरिकेतला. १९९९ मध्ये ८५२ रुग्णांवर तो तपासला गेला, तेव्हा तीच कामे प्रशिक्षित कर्मचारी आणि स्वयंसेवक करत होते आणि डेलिरियम १५ वरून ९.९ टक्क्यांवर आला होता. चीनमध्ये खाटेशेजारी घरचे माणूस असतेच, म्हणून काम त्याच्याकडे दिले. आपल्याकडेही ते असतेच. अमेरिकी अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली होती: डेलिरियम एकदा झाल्यावर त्याची तीव्रता किंवा पुन्हा होणे या उपायांनी कमी झाले नाही. फायदा होता तो फक्त आधी सावध होण्यात.

कोविडच्या काळात खाटेशेजारची जागा रिकामी झाली, तेव्हाचाही आकडा आहे. १४ देशांतल्या ६९ अतिदक्षता विभागांतील २,०८८ रुग्णांपैकी ५४.९ टक्क्यांना डेलिरियम झाला. घरच्यांची प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवरची भेट झालेल्यांत त्याचे शक्यता-गुणोत्तर ०.७३, म्हणजे २७ टक्क्यांनी कमी. झोप आणणाऱ्या बेन्झोडायझेपिन गटातल्या औषधांचे गुणोत्तर १.५९. ‘रात्रभर बडबडत होते, झोपेची गोळी द्या’ असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत. भेटीबाबतच्या ०.७३ वर मात्र एक शेरा हवा. प्रकृती बरी असणाऱ्यांनाच भेट मिळण्याची शक्यता जास्त असते, आणि निरीक्षणातून निघालेला आकडा हा पक्षपात पूर्ण धुऊन काढू शकत नाही. ब्राझीलचा आकडा प्रयोगातला आहे, म्हणून माझ्या लेखी तो वरचढ.

अतिदक्षता विभागात नातेवाइकांची नजरही मंदावते. कॅनडात १४७ रुग्ण-नातेवाईक जोड्यांवर प्रश्नावल्या तपासल्या, तेव्हा अचूकता आधीच्या आकड्यांच्या जवळपासही आली नाही. कारण उघड आहे. तोंडात नळी आणि गुंगीचे औषध चालू असताना, नेहमीचे माणूस असे नसते एवढेच घरच्यांना सांगता येते. ते कशामुळे, हे तिथे डॉक्टरांनाही चटकन कळत नाही. नातेवाइकाच्या साक्षीचे वजन साध्या वॉर्डात जास्त आणि काचेपलीकडे कमी, एवढी मर्यादा मान्य केलेली बरी.

मुंबईच्या उपनगरात या साक्षीला आणखी दोन छिद्रे पडतात. पहिले म्हणजे रात्री खाटेशेजारी बसणारे माणूस घरचे असेलच असे नाही. मुलगा दुबईत, मुलगी पुण्याला. रात्रीच्या बारा तासांसाठी ब्युरोतून मावशी ठेवलेली. ती कामात वाकबगार असेल, पण पेशंटला तिने परवा पहिल्यांदा पाहिले. ‘नेहमीपेक्षा’ या शब्दाचे उत्तर तिच्याकडे नाही. दुसरे, घरचेच असले तरी पाळ्या लागतात. दिवसा सून, रात्री मुलगा. डेलिरियम रात्री चढतो, सकाळी उतरतो. चढलेला मुलाने पाहिला, उतरलेला सुनेने, आणि राऊंडला डॉक्टर येतात तेव्हा मुलगा हार्बर लाईनच्या गाडीत असतो. एका पासावर एकच माणूस आत, म्हणून दोघांची गाठ पडते ती गेटपाशी, तीही डबा आणि पास हातोहात देण्यापुरती. चढउताराचे दोन अर्धे कागदावर एकत्र येतच नाहीत.

ज्यांनी पाहिलेले असते ते तरी सांगतात का? ‘म्हातारचळ लागलाय’, ‘वात झालाय’, ‘हॉस्पिटलात असे होतेच’ ही वाक्ये वॉर्डात रोज ऐकू येतात. तिन्ही वाक्यांत बदल पाहिल्याची कबुली आहे आणि तिन्हींत तो सांगण्याजोगा नसल्याचा निवाडाही आहे. विचारणारे कोणी नसल्यामुळे साक्षीदारच निकाल देऊन मोकळा होतो.

उपाय महागडा नाही. ताप, नाडी, रक्तदाब जिथे लिहितात त्या तक्त्यावर आणखी एक ओळ हवी: ‘घरच्यांना विचारले: आज नेहमीपेक्षा गोंधळ आहे का? हो / नाही’, आणि शेजारी वेळ. तीन पाळ्यांत तीन नोंदी. नवे यंत्र नको, नवे पद नको. सध्या आपल्या वॉर्डात नातेवाइकाला नेमून दिलेली कामे म्हणजे औषधे आणणे, रिपोर्ट आणणे, बिलाच्या खिडकीपाशी उभे राहणे. या यादीत सातशे वीस मिनिटांच्या निरीक्षणाला जागा नाही.

ती ओळ तक्त्यावर येईपर्यंत हे काम वाचकाने स्वतःकडे घ्यावे. घरचे ज्येष्ठ माणूस दाखल झाले की चष्मा, श्रवणयंत्र, कवळी बरोबर न्या. घरी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, झोपेच्या गोळीसकट, पहिल्याच दिवशी दाखवा. दारूची सवय असेल तर तीही लपवू नका. पाळी बदलताना रात्री काय झाले ते वेळेसह लिहून पुढच्याच्या हातात द्या; मावशी ठेवली असेल तर तिच्याकडूनही लिहून घ्या. आणि बदल दिसला तर ‘बरळतात’ एवढ्यावर थांबू नका. सिस्टरना तीन गोष्टी सांगा: परवापर्यंत कसे होते, बदल कधीपासून आहे, दिवसात कमीजास्त होतो का. मग राऊंडच्या डॉक्टरांना थेट विचारा, ‘हा डेलिरियम असू शकतो का?’ पेशंट शांत पडून असेल, तर हा प्रश्न आधी विचारा.